पंधरा लिटर, आणि वर धार

फ्लो मीटर म्हणजे काय, असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांतल्या निम्म्यांनी उत्तर पुरतं ऐकून घेतलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, मुलीच्या सासरी, कुठंही असो. मी "पाइपातून किती तेल गेलं ते मोजणारं यंत्र" एवढं म्हणेस्तोवर समोरचा आपल्या घरच्या नळाच्या बिलावर घसरतो. आज मात्र पानं माझ्या हातात आहेत. संपादकांनी दीड हजार शब्द देऊ केले, मी तीन हजार मागितले, दोन हजारांवर जमलं. तेव्हा आता पुरतं ऐकावं लागेल.

मी शिकलेला इंजिनिअर नाही. अमरावतीहून तिवशाला जाणाऱ्या रस्त्यावर टपरी टाकून पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचो. मोटारीवरून पंप, पंपावरून पाइप आणि पाइपावरून मीटर, असा हात धरून धंदा मला इथवर घेऊन आला. पुण्याच्या एका कंपनीची अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांची एजन्सी माझ्याकडे आहे. ती एजन्सी एकदा जाता जाता राहिली. ती का जात होती आणि कुणामुळे राहिली, तेच सांगायचं आहे.

आधी यंत्र समजून घ्या. आमच्या मीटरच्या पोटात दोन लंबगोल दातेरी चाकं असतात. तेल आत शिरलं की ती फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला एक ठोका मोजला जातो. एका लिटरला किती ठोके, हे एकदा नक्की केलं की मोजमाप झालं. ते नक्की कसं करायचं? खरं माप भरून. मी नवीन जागी गेलो की पहिल्यांदा सरकारी शिक्क्याचं माप ठेवतो, ते काठोकाठ भरतो, आकडे पाहतो आणि फरक असेल तेवढा दुरुस्त करतो. तीनदा सारखं आलं तरच चहा पितो.

मग येतो कंट्रोलर. ही हातभर लांबीची पेटी. तिला सांगायचं, पंधरा लिटर. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो, ठोके मोजले जातात, पंधरा झाले की व्हॉल्व्ह मिटतो. माणसानं फक्त रिकामा डबा ठेवायचा आणि भरलेला उचलायचा. पहिल्यांदा हे चालताना पाहिलं तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस टाळ्या वाजवत होतो. अजूनही नवीन मिलवर पहिला डबा भरून व्हॉल्व्ह 'टक्' करून मिटतो ना, तेव्हा माझ्या छातीत काहीतरी उडी मारतं. चाळीस जागी बसवून झाले, उडी काही गेली नाही.

यात एक गोम आहे, ती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. एसटीचा ड्रायव्हर थांब्यावर पोचल्यावर ब्रेक मारत नाही, अलीकडून मारतो. व्हॉल्व्हचंही तसंच. मिटायचा हुकूम दिल्यावर पूर्ण मिटेपर्यंत थोडं तेल निसटतंच. म्हणून हुकूम पंधराच्या आधी द्यावा लागतो. किती आधी, हे आमचा कंट्रोलर आपलं आपण शिकतो. हुकुमानंतर किती तेल गेलं ते मागच्या पाच डब्यांवर पाहतो आणि पुढच्या डब्याला तेवढं आधी हुकूम देतो. पुण्याचे लोक याला फार मोठी गोष्ट म्हणतात. आहेच.

यंत्र इमानदार असतं, ते बसवणारा असेलच असं नाही. तेल्हाऱ्याचा एक पाण्याचे जार भरणारा गडी माझ्या दुकानात येऊन बसला. म्हणे, "भाऊ, आकडा वीसचा दिसला पाह्यजे अन् जार एकोणीसच भरला पाह्यजे. जमते का?" जमतं. ठोक्यांचा हिशेब बदलला की झालं. मी त्याला म्हटलं, "जमते. पण मंग पैसेबी मले एकोणीस दाखवून वीस द्याचे." तो हसला. त्याला वाटलं सौदा चालू आहे. मग मी आवाज चढवला आणि तो चहा अर्धा टाकून गेला. माझ्या रागामुळे अशी बरीच गिऱ्हाइकं गेली. काहींचं वाईट वाटतं, त्याचं नाही.

तर अकोल्याची तेल मिल. सरकीचं तेल. मालक बाबूशेठ, पन्नाशीचे, बोलायला गोड आणि भाव पाडायला कडू. त्यांच्याशी सौदा करताना मला जी मजा आली ती सांगून कळायची नाही. चार बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत मी उठून जिन्यापर्यंत गेलो, चौथीत ते उठून फाटकापर्यंत गेले, आपल्याच ऑफिसातून. शेवटी सौदा झाला तेव्हा दोघंही म्हणालो की आपण बुडालो. म्हणजे भाव बरोबर ठरला होता.

शेठला मीटर का हवा होता? त्यांच्याकडे डबे भरायला होते रहीमचाचा. तीस वर्षं हाताने तोटी उघडून डबे भरत आलेले. शेठचं म्हणणं, डब्यात तेल जास्त जातं. "म्हाताऱ्याचा हात सैल हाये, वानखडे. पंधरा म्हंजे पंधरा पाह्यजे."

यंत्र बसवलं त्या दिवशी चाचा बाजूला हात बांधून उभे होते. पांढरी दाढी, तेलानं चमकणारी बोटं. ते काही सांगायला पुढे आले, तोटीला हात लावला, आणि मी खेकसलो, "चाचा, हात नका लावू! आता सारं मशीन करते." ते मागे सरले. ते काय सांगणार होते हे मी विचारलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी इथंच लिहून टाकतो, नाहीतर पुढं दुसऱ्यांच्या चुका सांगताना लाज वाटेल. भरण्याचं काम मात्र चाचांकडेच राहिलं. ते दुपारी नमाजला आणि जेवायला गेले की तासभर गजानन नावाचा गडी बसायचा.

दोन महिने आनंदात गेले. मग एक दिवस शेठचा फोन आला. आवाजात साखर नव्हती.

"वानखडे, मूर्तिजापूरहून किराणावाल्यांच्या तक्रारी येऊन राहिल्या. डब्यात तेल कमी."

"किती डबे?"

"काही कमी, काही बरोबर, एखादा जास्त! हे काय मशीन हाये का लाटरी?"

मी लगेच अकोला गाठलं. शिक्क्याचं माप लावलं. बरोबर! पुन्हा लावलं. बरोबर! भरून ठेवलेले डबे काट्यावर चढवले, तर शंभरात सात-आठ डबे उणे, कुठं वीस मिली तर कुठं थेट शंभर. शेठने दुसरं एक लक्षात आणून दिलं, की उणे डबे सारे गजाननच्या तासातले. "हा तेल चोरून राहिला," शेठ सगळ्यांसमोर म्हणाले. गजानन पांढराफटक पडला. म्हणाला, "शेठ, म्या तं फकस्त बटन दाबतो. बटनातून कसं चोरू?"

त्याचं बरोबर होतं. बटणातून तेल चोरता येत नाही. पण शेठ काही थांबायला तयार नव्हते. त्यांनी पुण्याला फोन लावला. कंपनीने इंजिनिअर साहेब पाठवले. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप. चाचांना म्हणाले, "काका, तुम्ही जरा बाजूला व्हा." स्वतः बटण दाबून दहा डबे भरले. पहिले चार-पाच कमी आले, कमी-कमी होत फरक मिटला आणि पुढचे सारे पंधराला पंधरा. साहेबांनी मान हलवली. "सुरुवातीला दाब स्थिर राहत नाही. पाइप चुकीचा बसवलाय." आणि कागदावर इंग्रजीत लिहून दिलं, ज्याचा अर्थ असा, की दोष यंत्राचा नाही, स्थानिक फिटिंगचा आहे. जाताना शेठला हळूच म्हणाले, पण मला ऐकू येईल इतकं हळू, "लोकल माणसाला ऑटोमेशन झेपत नाही हो. आम्ही या भागासाठी दुसरा माणूस बघतोच आहोत."

माझ्या डोक्याची जी वाफ झाली, त्यावर मिलचा बॉयलर चालला असता. मी त्यांना फाटकापर्यंत काय काय सुनावलं ते छापण्यासारखं नाही. पण घरी येताना हिशेब मांडला. एजन्सी गेली तर मी पुन्हा टपरीवर. आणि शेठने सांगितलं होतं, "शनिवारलोक टाइम हाये. नाई तं मीटर काढून ने अन् पाइपबी."

मी पाइप उपटून नव्याने टाकला. सरळ, आरशासारखा. फरक काही पडला नाही. उणे डबे तसेच.

शनिवारी सकाळी मी मिलवर गेलो आणि हत्यारांची पेटी उघडलीच नाही. एक रिकामा डबा उलटा घातला आणि चाचांच्या बाजूला बसलो.

"काय झालं बेटा, आज काम नाई?" चाचा म्हणाले.

"हेच काम हाये. तुमी भरा, मी पाह्यतो."

चाचा भरत राहिले. डबा ठेव, बटण, टक्, डबा उचल. आणि काय सांगू, म्हाताऱ्याच्या हातचा एकेक डबा पंधरा म्हणजे पंधरा! वीस डबे काट्यावर घातले, केसाचा फरक नाही. यंत्र एकच, तेल एकच, बटण एकच. मग गजाननने दाबलं की कमी, साहेबाने दाबलं की कमी आणि चाचांनी दाबलं की बरोबर, हे कसं?

मी आकड्यांकडे पाहणं सोडलं आणि डोळे मिटून आवाज ऐकायला लागलो. मोटारीवाला माणूस आहे मी, आधी कान चालतो. मिटायचा हुकूम सुटला की टक् होतं. ते कधी होतं? डोळे उघडून टक् झाल्याबरोबर आकडा पाहिला. चौदा लिटर आणि आठशेवीस मिली. पुढचा डबा, तोच आकडा. दुपारी चाचा गेले, गजानन बसला. पहिला डबा, टक् आठशेवीसलाच, पण निसटतं तेल धरून डबा थांबला चौदा नऊशेवर. उणा! पुढे टक् हळूहळू सरकत गेलं आणि पाच-सहा डब्यांनी नऊशेवीसवर येऊन बसलं. आता डबे बरोबर.

 म्हणजे व्हॉल्व्हमधून निसटतं ते ऐंशी मिली. मग चाचांच्या डब्याला कंट्रोलर शंभर मिली आणखी आधी का थांबतो? त्याला कोणीतरी शिकवलंय! चाचांच्या डब्यात हुकुमानंतर ऐंशी नाही, एकशेऐंशी जातं, असं तो शिकलाय. वरचे शंभर कुठून जातात?

चाचा परत आले, बसले, बटण दाबलं. या वेळी मी आकडे पाहिले नाहीत, बोटं पाहिली. टक् झालं, आणि चाचांचा अंगठा व्हॉल्व्हच्या बाजूच्या कळीवर गेला. वीज गेली तर हाताने उघडायला ती बारकीशी कळ असते. अंगठा दाबला, सुटला. डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ. डब्यात एक बारीक धार पडली.

मी उभाच राहिलो. "चाचा! हे काय केलं?"

"क्या?" त्यांना खरंच कळलं नाही. "वरची धार. ती तं द्यावंच लागते ना."

वऱ्हाडात ज्याने कधी सुटं तेल विकत घेतलं आहे त्याला हे सांगायला नको. माप भरून झालं की विकणारा वरून थोडी धार सोडतो. मापात न धरलेली. शेठच्या वडिलांनी चाचांना कामावर ठेवलं तेव्हा एकच सांगितलं होतं, धार दिल्याशिवाय डबा उचलू नको. तीस वर्षांत एक डबा तसा गेला नाही. यंत्र आलं, माप यंत्राकडे गेलं. पण धार द्यायची नाही, असं चाचांना कोणी म्हटलंच नव्हतं. मी तर फक्त खेकसलो होतो.

आणि कंट्रोलर? त्याच्या लेखी ती धार म्हणजे निसटलेलं तेल. चाचांनी शंभर मिली वरून दिली, की तो पुढच्या डब्याचं माप शंभराने आधी तोडायचा. गजानन बसला की धार बंद, पण यंत्राला ते कळायला पाच डबे लागायचे. तेच ते उणे डबे. साहेबांचेही पहिले पाच त्यामुळेच. चाचा परतले की पहिले काही डबे जास्त. झालं, लॉटरी सुटली! मी अक्षरशः ओरडलो. गजाननला मिठी मारली, त्याचा सदरा तेलकट, माझाही झाला. "तू चोर नाईस बे! कोणीच चोर नाई!"

मग चाचांना समजावून सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मतलब, मी धार देत होतो ते..."

"त्याच डब्यातून आधीच कापलेलं होतं, चाचा."

"दोन महिने?"

"दोन महिने."

"मंग गिऱ्हाइकाले काय भेटलं?"

"पंधरा लिटर. बस."

चाचांनी अंगठ्याकडे पाहिलं, तो सदऱ्याला पुसला आणि उठून भिंतीला टेकून बसले. "मग मी कशाले बसू इथं," म्हणाले. "मोजते बी तेच, कापते बी तेच."

मी शेठकडे गेलो. शेठने सगळं ऐकलं आणि खो खो हसले. "म्हंजे धार फुकटात! मंग बिघडलं काय? कळ काढून टाक. माप बरोबर, धार बंद."

कळ काढली की माझं काम झालं असतं. मीटर राहिला असता, एजन्सी राहिली असती. पण माझं डोकं फिरलं. का फिरलं ते तेव्हा कळलं नव्हतं. बहुतेक भिंतीला टेकलेला तो म्हातारा दिसत होता आणि 'हात नका लावू', 'बाजूला व्हा' हे शब्द ऐकू येत होते, आणि ते कोणी कोणी म्हटले ते आठवत होतं.

"शेठ, मूर्तिजापूरचा तो दुकानदार काय म्हणत होता? नीट सांगा. डबा कमी भरला म्हणे का?"

शेठने आठवून पाहिलं. "तो म्हणे, पंधरा मापं विकली की खाली घरच्या भाजीपुरतं तेल उरत होतं. आता उरत नाई."

"मग? उण्या डब्यांची तक्रार थोड्यांची. ही तक्रार साऱ्यांची हाये! तुमचा डबा लोक काहून घेतात? अकोल्यात मिला काय कमी हायेत? ते उरते म्हणून घेतात. तुमच्या बापाले हे मीटरशिवाय समजत होतं."

बाप काढल्यावर शेठ उठले. मीही उठलो. पुढचा अर्धा तास आमची पाचवी बैठक झाली आणि ती सगळ्यात भारी. मी डब्यामागे शंभर मिली मागितले, ते वीसवर. मी नव्वद, ते पंचवीस. मी जिन्यापर्यंत गेलो, ते खिडकीतून ओरडले, "तीस! अन् माह्या बापाचं नाव काढू नको!" शेवटी पन्नासवर हात मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा मी असा सौदा केला ज्यात मला काही मिळणार नव्हतं, आणि तो मी सगळ्यात जास्त घासून केला.

आता खरी मजा. पन्नास मिली पंधरा लिटरमध्येच मिळवून टाकता आले असते. एक आकडा बदलायचा. पण मग ती धार कसली, ते मापच झालं. मी कळीवर झाकण बसवलं आणि कंट्रोलरमध्ये दुसरं माप भरलं, पन्नास मिलीचं. त्याला वेगळं बटण दिलं. ते दाबलं की पन्नास मिली स्वतंत्र मोजले जातात, पहिल्या मापाच्या शिकण्यात त्यांची भेसळ नाही. हे कंपनीच्या पुस्तकात कुठंही नव्हतं. दीड तासात मी ते जमवलं. बटणाखाली पट्टी चिकटवली आणि मार्करने लिहिलं, 'धार'.

चाचांना हात धरून आणलं. त्यांनी डबा ठेवला. पहिलं बटण. पंधरा लिटर, टक्. मग दुसरं. बारीक धार पडली. टक्. मी काटा दाखवला. दहा डबे, वीस डबे, मध्ये गजाननला बसवला, पुन्हा चाचांना. एकही उणा नाही! शेठने स्वतः काट्याजवळ येऊन शेवटचा डबा आपल्या हाताने चढवला. 

मीटर मिलवर राहिला, म्हणून एजन्सीही राहिली. त्यानंतर आसपासच्या तीन मिलांनी 'ते धार बटनवालं' मागितलं. आणि पुण्याच्या कंपनीच्या नव्या पुस्तकात आता एक पान आहे, बॅच संपल्यावर जादा तेलासाठी स्वतंत्र बटण, आमच्या तज्ज्ञांनी विकसित केलेलं. माझं नाव नाही, चाचांचं नाही, अकोल्याचं सुद्धा नाही. मी फोन करून भांडलो. ते म्हणाले, सन्मानपत्र देतो. मी म्हटलं, सन्मानपत्र ठेवा तुमच्याजवळ, तो 'स्थानिक फिटिंगचा दोष' लिहिलेला कागद परत घ्या. तो सौदा अजून अडलेला आहे. कागद मी फ्रेम करून दुकानात लावला आहे.

एक राहिलं. त्या शनिवारी निघताना चाचांनी मला थांबवलं होतं.

"बेटा, हे धार कितीची हाये?"

"पन्नासची."

"माह्या हातची किती होती?"

"शंभरची."

चाचांनी जरा विचार केला. मग पुढचा डबा भरला, धारेचं बटण दाबलं. टक्. आणि माझ्याकडे पाहत ते पुन्हा एकदा दाबलं. टक्.

एका डब्याला हे बटण एकदाच चालावं, असं कुलूप कंट्रोलरमध्ये घालता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. शेठला संशय आला आहे, ते दर भेटीत विचारतात. पुण्याचे साहेबही फोनवर विचारतात, की तेवढं लॉक अजून का केलेलं नाही. मी त्यांना सांगतो, "लोकल माणूस हाये साहेब. झेपत नाई. शिकून राहिलो."